संकटात सापडलेली गर्भवती : समाजाचे आणि शासनाचे साहाय्य

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सन १८६३ मध्ये पुण्यात काही जाहिराती लावण्यात आल्या. त्या विधवांना उद्देशून होत्या. संकटात सापडलेल्या विधवेने येथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवावे हे तिच्या खुशीवर राहील. मागे ठेवलेल्या मुलाचा सांभाळ केला जाईल, असा त्यांचा आशय होता. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी आपल्या राहत्या घरी सुरू केलेले हे बालहत्या प्रतिबंधक गृह होय. या संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा अनुभव काय होता, हे फारसे सांगितले जात नाही.

डिसेंबर १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर जोतीरावांनी सरकारला जे मत कळविले, त्यात या गृहाच्या जन्माची हकीकत आहे. एका परिचित घरी स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या एका तरुण ब्राह्मण विधवेस शेजारच्या पुरुषापासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय चालले नाहीत. मूल जन्मले, तेव्हा अब्रूच्या भयाने तिने ते मारले. न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुरुषाचे काय झाले, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही, आणि आजही तो सर्वांत शेवटी विचारला जातो. या घटनेनंतर जोतीरावांनी हे गृह उघडले. त्याच लेखात ते आणखी एक गोष्ट नमूद करतात. तोवर पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. उरलेली तीस दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी या स्त्रियांनी येण्यापूर्वीच विषारी औषधे घेतलेली होती.

पस्तिसांत पाच, हा आकडा अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. दार उघडे होते, आत माया होती, गुप्ततेची हमी होती. तरी स्त्री तेथे पोचली ती सर्व घातक उपाय करून झाल्यावर. दार आहे हे तिला उशिरा कळले, किंवा कळूनही विश्वास बसण्यास वेळ लागला. आजच्या परिस्थितीचे मर्मही याहून वेगळे नाही. कायदे झाले, रुग्णालये झाली, निवारे झाले. मधला काळ मात्र भीतीतच जातो.

सन १८७४ मध्ये फुले दांपत्याने अशाच एका मातेचा मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत होता. रुग्णसेवेतच सावित्रीबाईंना प्लेगची लागण होऊन त्यांचे निधन झाले. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालकाश्रम सुरू झाला. यात्रेच्या निमित्ताने घरच्यांनी आणून सोडलेल्या गर्भवती विधवा हा त्या क्षेत्राचा जुना प्रश्न होता. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली, आणि या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. महाराष्ट्रात या विषयाला दीडशे वर्षांहून अधिक परंपरा आहे, आणि ती कुजबुजीची नव्हे, उघडपणे बोलण्याची परंपरा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेही याच ओळीतले. म्हणून ग्रामसभेत किंवा शिक्षकांच्या बैठकीत हा विषय निघाल्यास तो बाहेरून आलेला आहे, असे कोणी म्हणू नये.

कोणाचे संकट?

संकटातील गर्भारपण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अविवाहित मुलगी येते. ती आहेच. पण गावात फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारावे; ती प्रथम विवाहित स्त्रियांविषयी सांगेल. धाकटे मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस गेलेली. तांबी बसवूनही गर्भ राहिलेली. नवऱ्याच्या दारूला आणि मारहाणीला कंटाळून माहेरी आली आणि मग पाळी चुकल्याचे ध्यानात आलेली. गर्भारपणातच नवरा वारलेली. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्यांचे उदाहरण घ्यावे. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. अशा ठिकाणी उसाच्या फडात असताना दिवस गेल्याचे कळले, तर तपासणीस जाणे म्हणजे मजुरी बुडविणे. गावची आशा मागे राहिलेली, कारखान्याच्या भागातील आशेच्या यादीत हिचे नाव नाही. फड हलला की पत्ताही हलतो. हे संकट लज्जेचे नाही, पण वेळ दवडण्याचे काम ते तितक्याच निष्ठुरपणे करते.

दुसरीकडे, यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी भागातील आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न अनेक वर्षे वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून गाजतो आहे. बाहेरून येणारे ठेकेदार, कामगार, व्यापारी फसवणूक करून निघून जातात आणि मुलगी मूल पदरी घेऊन राहते. अशा मातांचे पुनर्वसन हा एक भाग झाला. पण फसविणाऱ्याला शोधणे हाही शासनयंत्रणेच्याच कर्तव्याचा भाग आहे. विवाहबाह्य अपत्यालाही पित्याकडून पोटगी मागता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. लग्न करण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे. वकिलाची फी परवडत नाही, ही सबबही उरलेली नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. सरपंचाने तेथपर्यंत सोबत जावे, एवढेच.

कायदा काय म्हणतो?

१८६० च्या दंडसंहितेने गर्भपात गुन्हा ठरविला होता, आणि शिक्षा त्या स्त्रीलाही होती. परिणाम एवढाच झाला की गर्भपात अंधारात गेले. १९६४ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. त्या समितीच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. तपशील कंटाळवाणा वाटला तरी गावात विचारले जाणारे प्रश्न नेमके याच तपशिलाचे असतात, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे.

वीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी एका नोंदणीकृत व पात्र डॉक्टरचे मत पुरते. गर्भ ठेवल्याने स्त्रीच्या जिवाला किंवा तिच्या शारीरिक अथवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचण्याचा धोका असेल, किंवा मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मण्याचा संभव असेल, तर गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ मानसिक आघाताचे कारण मानला जातो. पूर्वी येथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते. २०२१ मध्ये ते जाऊन ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ही मुदत ठरावीक स्त्रियांनाच मिळते: बलात्कार किंवा नात्यातील अत्याचाराला बळी पडलेल्या, अज्ञान मुली, गर्भारपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर दोष आढळलेल्या, आणि आपत्ती अथवा आणीबाणीच्या परिस्थितीत सापडलेल्या. चोवीस आठवड्यांपुढे गर्भातील गंभीर दोषाच्या कारणास्तव वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. स्त्रीचा जीव तातडीने वाचवावयाचा असेल तेव्हा मात्र आठवड्यांची अट आड येत नाही.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित तरुणीच्या प्रकरणात असा निर्वाळा दिला की, या चोवीस आठवड्यांच्या सवलतीत विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही. पतीने बळजबरी केल्यामुळे राहिलेला गर्भही या कायद्यापुरता बलात्काराच्या अर्थात येतो, असेही न्यायालयाने म्हटले.

आठवडे कसे मोजतात, हे सांगणे फार आवश्यक आहे. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. दुसरी पाळी चुकेपर्यंत वाट पाहणारीचे आठ आठवडे होतात. गर्भ जितका लहान तितका उपाय सोपा आणि धोका कमी. ‘चार महिने तर आहेत’ असे समजून आलेली स्त्री पुष्कळदा मुदतीच्या काठावर उभी असते.

आता संमतीचा मुद्दा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी आहे. पतीची सही लागत नाही, सासूसासऱ्यांची लागत नाही, बापाची लागत नाही. तरीही अनेक रुग्णालयांत ‘नवऱ्याला घेऊन या’ असे सांगितले जाते. कायद्यात नसलेली ही अट कोण्या दप्तरी रिवाजातून आली असेल ती असो. तिच्यापायी परत गेलेली स्त्री मग गावठी औषधाकडे किंवा दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांकडे वळते. त्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतल्या तर सुरक्षित उपाय आहे. पण किती आठवडे झाले हे न तपासता, गर्भ नळीत आहे की पिशवीत हे न पाहता घेतल्या तर रक्तस्राव आणि मृत्यूही ओढवू शकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्त्रीची इच्छा नसताना घरच्यांनी तिला गर्भपातासाठी ओढून नेणे हा गुन्हा आहे, मग कारण अब्रूचे असो की पोटात मुलगी असल्याच्या संशयाचे.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. ती बंदी लिंगनिदानावर आहे. तिचा अर्थ सरसकट गर्भपातबंदी असा लावून काही ठिकाणी कर्मचारी कायदेशीर सेवेसाठी आलेल्या स्त्रीलाच संशयिताप्रमाणे वागवितात. ‘गर्भपात करणे पाप आहे’ अशी भिंतीवरील घोषणाही याच गल्लतीतून रंगविली जाते. हेतू मुलगी वाचविण्याचा, पण ती वाचते कोण, तर मुदतीचे दिवस मोजत बसलेली एखादी अडचणीतील बाई. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असे काही असेल तर ते पुसून ‘गर्भलिंगनिदान गुन्हा आहे’ एवढेच लिहावे.

गुप्तता ही कायद्याची सक्ती आहे, डॉक्टरचा चांगुलपणा नव्हे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव व ओळख, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणाला कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासकीय रुग्णालय किंवा ‘शासनमान्य गर्भपात केंद्र’ असा फलक असलेले रुग्णालय, याशिवाय अन्यत्र जाऊ नये, हे मात्र स्पष्ट शब्दांत सांगावे.

मुलगी अज्ञान असेल तर

शिक्षकांचा संबंध येथे सर्वांत जवळचा. अठरा वर्षांखालील मुलीची गर्भावस्था म्हणजे २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायद्याखालील, म्हणजे ‘पॉक्सो’खालील गुन्ह्याची खूण असते. तो कळल्यावर पोलिसांना कळविण्याचे बंधन शिक्षकावर आहे, डॉक्टरवरही आहे. मुलीचे लग्न झालेले असले तरी हा नियम बदलत नाही. या बंधनामुळे एक अडचण उभी राहिली. नाव पोलिसांत जाईल या भीतीने पालक मुलीला रुग्णालयात नेईनासे झाले. २०२२ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली: मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास, गर्भपातासाठी आलेल्या मुलीची ओळख पोलिसांना देण्याची डॉक्टरवर सक्ती राहणार नाही. ही सवलत डॉक्टरांना आहे हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे, आणि पालकांना ती आवर्जून सांगावी. अज्ञान मुलीच्या गर्भपातास पालकाची लेखी संमती लागते. बलात्काराला बळी पडलेल्या कोणत्याही स्त्रीला वा मुलीला सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत. आधी गुन्हा नोंदवून आणा असे म्हणून तिला परत पाठविता येत नाही. राज्य शासनाची मनोधैर्य योजना २०१३ पासून चालू आहे. तीतून अर्थसाहाय्य व समुपदेशन मिळते.

शाळेतले चित्र बहुधा वेगळेच असते. मुलगी सारखी आजारी पडते, मागच्या बाकावर बसू लागते, मग यायची बंद होते. दोन महिन्यांनी हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि नाव कमी होते. याच दोन महिन्यांत सर्व काही घडून गेलेले असते. एखाद्या शिक्षिकेने पहिल्याच पंधरवड्यात घरी जाऊन आईशी शांतपणे बोलावे, एवढ्याने पुढचे सारे बदलू शकते. बाळंतपण झालेल्या मुलीला शाळेचे दार बंद नाही. वर्गात येणे तिला नको वाटत असेल तर दहावी-बारावीस सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते. हे तिला सांगणार कोण, तर मुख्याध्यापकच.

मूल व्हावे, पण सांभाळणे शक्य नाही

काही स्त्रियांना गर्भपात नको असतो, काहींची मुदत टळून गेलेली असते. त्यांच्यापैकी कोणाकोणाला मूल जवळ ठेवणे शक्य नसते. कचराकुंडीत, देवळाच्या पायरीवर, एस. टी. स्थानकावर सापडलेल्या अर्भकाची बातमी वाचली की सर्व जण त्या ‘निर्दय’ मातेविषयी बोलतात. त्यांतल्या किती मातांना हे ठाऊक असते की मूल कायदेशीरपणे सोपविता येते आणि त्यासाठी तिच्यावर गुन्हा दाखल होत नाही? २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ मध्ये ही सोय आहे. स्वतःच्या आटोक्याबाहेरच्या कारणांमुळे मूल सांभाळू न शकणाऱ्या मातेने ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे. समिती चौकशी व समुपदेशन करते, मग लेखी समर्पणपत्र होते. माता अविवाहित असल्यास ते शक्यतो समितीच्या एखाद्या स्त्री सदस्यासमोरच व्हावे, अशी नियमांची सूचना आहे. त्यानंतर दोन महिने तिला फेरविचारासाठी मिळतात.

हे दोन महिने कायद्याने मोठ्या समजुतीने दिले आहेत. बाळंतपणाच्या थकव्यात, घरच्यांच्या धाकात घेतलेला निर्णय आठ दिवसांनी वेगळा वाटू शकतो. पुष्कळदा आजी एकदा बाळ पाहते आणि घराचे दार उघडते. तसे झाले तर माता मूल परत मागू शकते. न मागितल्यास दोन महिन्यांनंतर ते मूल दत्तक देण्यास मोकळे होते, आणि पुढील सर्व व्यवहार अधिकृत दत्तक संस्थेमार्फत होतो. याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, टाकून दिलेल्या किंवा सोपविलेल्या मुलाच्या चौकशीच्या प्रक्रियेत त्याच्या जन्मदात्यांवर प्रथम खबर नोंदविली जाऊ नये. पोलीस पाटलांनी हे कलम ३८ एकदा वाचून ठेवावे. मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत बालकांच्या १०९८ या दूरध्वनीवर, पोलिसांना किंवा समितीला कळविणे सर्वांवर बंधनकारक आहे.

याच ठिकाणी एक कडक इशारा द्यावा लागतो. नर्स, दाई, ओळखीचा कंपाउंडर किंवा गावातील एखादा परोपकारी गृहस्थ ‘एका चांगल्या घरी मूल देतो’ असे सांगून परस्पर मूल हलवितो. त्यात पैसे देवाणघेवाण झाली की तो मुलाचा विक्रय ठरतो आणि आई आरोपी होते. हेतू शुद्ध असला तरी मार्ग एकच: समिती आणि अधिकृत संस्था.

मूल ठेवायचे असेल तर

ज्या स्त्रीला मूल हवे आहे तिला दटावून कोणत्याही अन्य मार्गाकडे लोटणे हे साहाय्य नव्हे. तिला लागते ते राहायला घर, तपासणी, बाळंतपण आणि त्यानंतर उदरनिर्वाह. शासकीय रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, तपासण्या, रुग्णवाहिका हे सारे २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे. त्यासाठी लग्न झालेले असण्याची अट नाही. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारातील ‘माहेरघर’ बाळंतपणाआधी काही दिवस राहण्यासाठी आहे, आणि अडचणीतील स्त्रीला हे नावच किती धीर देते! घरातून बाहेर काढलेल्या स्त्रीसाठी जिल्ह्यातील ‘सखी’ केंद्रात तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस व वकील यांचे साहाय्य एका छपराखाली मिळते. १८१ हा महिलांचा दूरध्वनी तेथवर पोचवितो. दीर्घ मुक्कामासाठी पूर्वीची स्वाधार आणि उज्ज्वला गृहे २०२२ पासून ‘शक्ती सदन’ या नावाने एकत्र आली आहेत.

जन्मनोंदणीच्या वेळी ‘बापाचे नाव सांगा’ म्हणून अडवणूक होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मागता येते, असा निकाल दिला, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या नावे जन्मदाखला द्यावा, असे बजावले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावानंतर प्रथम आईचे नाव लिहिण्याची पद्धत सुरू केली. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत हा बदल वरवर लहान दिसतो. पण ज्या मुलाच्या कागदावर बापाचा रकाना रिकामा आहे, त्याच्यापाशी आता नावाचा एक भाग तरी सर्व मुलांसारखा आहे. ग्रामसेवकाने हा दाखला देताना चावडीवर चर्चा करू नये, एवढे पथ्य पाळावे.

गावाने काय करावे?

अशा प्रसंगी बैठक बोलावण्याची आपल्याकडे सवय आहे. गावकीची बैठक बसते, मुलीच्या बापाला बोलावले जाते, दोन्ही घरांत समेट घडविण्याचा प्रयत्न होतो, कधी दंड ठरतो, कधी त्याच मुलाशी लग्न लावून देण्याचा निर्णय होतो. चांगल्या मनाचे लोकही यात असतात. पण पंचायतीला असा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही. मुलगी अज्ञान असेल तर ते लग्न हाच गुन्हा, आणि या बैठकांत जे आठवडे जातात ते कोणी परत आणून देत नाही. सरपंचापर्यंत गोष्ट आलीच, तर त्याने ती एकाच व्यक्तीकडे न्यावी: आरोग्यसेविका, आशा किंवा अंगणवाडी सेविका यांपैकी जिच्यावर त्या बाईचा विश्वास असेल तिच्याकडे. उपकेंद्रात लघवीची साधी तपासणी होते. त्याच दिवशी आठवडे मोजून, कोणकोणते मार्ग खुले आहेत ते तिला सांगावे. निर्णय तिचा. सांगणाऱ्याचे मत कोणतेही असो, ते त्या दिवशी घरी ठेवून यावे. ज्याच्या धर्मबुद्धीला गर्भपात पटत नाही, त्यानेही समर्पणाचा आणि शक्ती सदनाचा मार्ग तिला सांगावा आणि पहिला मार्ग लपवू नये. ज्याला मूल ठेवणे हे खुळेपण वाटते, त्यानेही माहेरघर आणि मोफत बाळंतपण यांची माहिती गाळू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या गावांनी एक जादा काम करावे. टोळ्या निघण्यापूर्वी आशेने प्रत्येक घरी जाऊन शेवटच्या पाळीची तारीख विचारावी, आणि गर्भवती स्त्रियांना माता व बाल संरक्षण पुस्तिका बरोबर द्यावी. कारखान्याचा पत्ता ठाऊक असल्यास तेथील आरोग्य केंद्राला फोन करून कळवावे. हा फोन ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून करण्यास कसलीच परवानगी लागत नाही.

नियमाप्रमाणे ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. बहुतेक गावांत ती नोंदवहीतच होते. येत्या सभेत ती खरोखर घ्यावी, पुरुष सदस्यांनी बाहेर थांबावे, आणि अर्धा तास आरोग्यसेविकेला द्यावा. तिने आठवडे कसे मोजतात हे फळ्यावर काढून दाखवावे. जिल्ह्यातील बाल कल्याण समिती, सखी केंद्र आणि जवळचे शासनमान्य रुग्णालय यांचे पत्ते सांगावेत. नंतर तेच पत्ते, १८१ व १०९८ या क्रमांकांसह, कार्यालयाच्या दर्शनी फलकावर न लावता उपकेंद्राच्या स्त्रियांच्या खोलीत आणि शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावेत. दर्शनी फलकासमोर उभे राहून वाचणारी स्त्री सर्वांना दिसते. तेथे ती उभी राहणार नाही.